जुन्या बासचे अनोळखी व्हॉल्व्ह: काढून टाकायचे की ठेवायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांच्या बँडचं सामान कसबा पेठेतल्या वाड्याच्या माळ्यावरून खाली उतरवलं, त्यात तीन मोठे बास, म्हणजे खर्जाची पितळी वाद्यं, निघाले. पहिला उभा, ई फ्लॅटचा, विलायती, चार पिस्टनचा, आणि पिस्टनच्या मागे बारक्या नळ्यांचं जंजाळ. दुसरा पुढे भोंगा असलेला अमेरिकन सूसाफोन, त्याचे पिस्टन बुटके आणि जाडजूड. तिसरा खांद्यावरून अंगाभोवती घ्यायचा हेलिकॉन. त्याला पिस्टनच नाहीत, चपट्या डब्या आहेत आणि शेजारी घड्याळासारख्या गुंडाळलेल्या स्प्रिंगा. जाणकारांनी सल्ला दिला की ‘हे व्हॉल्व्ह आता कुणी दुरुस्त करत नाही, मेरठहून तीन पिस्टनचा नवा सेट मागवा आणि तिन्हींवर झाळून टाका.’ तसं करावं का, असं तुम्ही विचारता.

करू नका. पहिल्या दोघांचा तर विचारही नको. तिसऱ्याबद्दल पुढे बोलतो.

पुण्यात पितळी वाद्यांची दुरुस्ती हेच माझं काम. लग्नाचे बँड, शाळा, पोलीस बँड, कॅम्पातले आणि खडकीचे निवृत्त बँडमास्तर अशी सगळी गिऱ्हाइकं येतात. त्यात असे अनोळखी व्हॉल्व्ह अधूनमधून हाती लागतातच. त्यांच्या बाबतीत माझा एकच नियम आहे: वाद्य उघडण्याआधी हवेची वाट शोधायची. माउथपीसपासून भोंग्यापर्यंत हवा कुठून कुठे जाते, कोणता व्हॉल्व्ह दाबल्यावर ती कुठे वळते, हे कागदावर काढता आलं की निम्मी दुरुस्ती तिथेच कळते. ते काढता येत नसेल तर झाळीचा टॉर्च पेटवू नये.

व्हॉल्व्हचं काम एवढंच की नेहमीच्या वाटेने निघालेल्या हवेला मध्येच एका जादा नळीतून फिरवून आणायचं. नळी लांबली की सूर उतरतो. हाइनरिश श्ट्योल्त्सेल आणि फ्रीडरिश ब्ल्यूमेल या दोघांनी १८१८ मध्ये प्रशियात याचं पेटंट घेतलं. आज बहुतेक ट्रम्पेट-युफोनियमवर दिसतो तो पिस्टन पॅरिसच्या फ्रान्स्वा पेरिने याचा, १८३० च्या दशकाच्या अखेरचा. ट्रम्पेटवर तो सुखाने चालतो, कारण नळी बारीक. बासवर मात्र अडचणी सुरू होतात. पिस्टन दाबला की एक भोक सरकून दुसरं त्याच्या जागी यायला हवं, म्हणजे पिस्टनला निदान भोकाच्या रुंदीएवढं तरी खाली जावं लागतं. ट्रम्पेटच्या नळीचा आतला व्यास साधारण १२ मिलिमीटर, सूसाफोनचा १८ च्या वर. म्हणजे बोटाचा प्रवास वाढला, पिस्टन जड झाला, आणि नळी लांब असल्याने सुराचा घोटाळाही मोठा झाला. तुमच्या तिन्ही वाद्यांवरची विचित्र यंत्रं ही या अडचणींवर कुणीतरी विचारपूर्वक काढलेली तोड आहे. बिघाड समजून ती कापली की अडचण परत येते.

सगळ्यात मोलाचा तो उभा विलायती बास, त्यामुळे त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

मागच्या त्या बारक्या नळ्या म्हणजे कॉम्पेन्सेटिंग रचना. लंडनच्या बूझी अँड कंपनीतले डेव्हिड जेम्स ब्लेकली यांनी तिचं पेटंट १८७४ मध्ये घेतलं. ती का लागली हे आकड्यांतून पाहा. ई फ्लॅट बासची नळी धरा सुमारे १३ फूट, म्हणजे १५६ इंच. सूर अर्ध्या स्वराने उतरवायला नळी जवळपास ६ टक्के लांबवावी लागते, म्हणून दुसऱ्या व्हॉल्व्हची नळी सव्वानऊ इंच. पहिल्याची १९ इंच, तिसऱ्याची साडेएकोणतीस. एकेक दाबला तर सगळं सुरात. तिन्ही एकदम दाबले की जादा नळी होते ५८ इंच, पण सहा अर्धस्वर उतरायला लागते साडेचौसष्ट. साडेसहा इंच नळी कमी पडली, आणि सूर ‘सा’ ते कोमल ‘रे’ या अंतराच्या निम्म्याने चढा लागला. पहिला आणि तिसरा मिळूनही साडेतीन इंचांची तूट राहते.

कारण साधं आहे. प्रत्येक व्हॉल्व्हची नळी मूळ लांबीच्या मापाने कापलेली असते, पण दुसरा व्हॉल्व्ह दाबला की वाद्य आधीच लांबलेलं असतं. बुटक्या माणसाच्या मापाच्या बाह्या उंच माणसाच्या सदऱ्याला लावल्या तर काय होईल, तेच इथे होतं. वादक ओठ सैल सोडून सूर खाली ओढतो. बासवर तेही जमतं, पण तो सूर पोकळ लागतो.

ब्लेकलींची युक्ती अशी: चौथा व्हॉल्व्ह दाबला की हवा चौथ्याची लांब नळी फिरून येते आणि भोंग्याकडे जाण्याऐवजी पहिल्या तीन पिस्टनांमधून दुसऱ्यांदा जाते. या दुसऱ्या फेरीसाठी पिस्टनात वेगळी भोकं असतात. त्या वेळी समजा दुसरा व्हॉल्व्ह दाबलेला असेल, तर हवा त्याच्या मागच्या बारक्या नळीतूनही जाते. आता आकडा लावून बघा. चौथा दाबल्यावर तुमचा बास २०८ इंचांचा झाला. त्याला अर्धा स्वर उतरवायला लागतात साधारण १२.४ इंच. दुसऱ्याच्या मुख्य नळीत आहेत सव्वानऊ. उरलेले तीन इंच त्या बारक्या नळीत आहेत. बोटं नेहमीचीच, वादकाला वेगळं काही शिकावं लागत नाही, आणि वाद्य आपलं आपण सुरात येतं. तीन पिस्टनच्या विलायती बासवरही ही रचना सापडते. तिथे चौथ्याचं काम तिसरा करतो, आणि बारक्या नळ्या फक्त पहिल्या दोघांच्या मागे असतात.

याचे तोटेही आहेत. पिस्टन लांब होतो, त्यात भोकं जास्त, म्हणजे घासणारा पृष्ठभाग जास्त. चौथ्यासकट दाबलं की हवेला बरीच वळणं लागतात आणि वाद्य थोडं कोंडल्यासारखं वाटतं. शिवाय बारक्या नळ्यांना पाणी काढायची चावी नसते, म्हणून थुंकी तिथेच साठते आणि पितळ आतून कळकतं. पण चौथ्या व्हॉल्व्हखालचा खर्ज नीट सुरात हवा असेल, तर पिस्टनच्या बासवर याच्याहून सोयीचं काही मला माहीत नाही. मेरठचा तीन पिस्टनचा सेट बसवला तर तुम्ही चौथा व्हॉल्व्ह घालवता, त्याच्याखालचे सूर घालवता, आणि वर साडेसहा इंचांची तूट पुन्हा विकत घेता.

हे यंत्र जिवंत आहे की नाही, हे घरी तपासता येतं. चौथा पिस्टन वर असताना एखादी बारकी नळी ओढून पूर्ण बाहेर काढा आणि वाजवा. आवाजात काडीचाही फरक पडता कामा नये, कारण त्या वेळी हवा तिथून जातच नाही. फरक पडला, फुसफुसलं, तर पिस्टन आणि केसिंग (पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो ते) यांच्यामधून हवा गळते आहे. मग चौथा आणि तो व्हॉल्व्ह दोन्ही दाबून फुंका. आता नळीच्या उघड्या भोकातून हवा भसकन आली पाहिजे. नाही आली तर वाट तुंबलेली आहे. माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या वाद्यात बहुतेक वेळा हेच असतं: हिरवा कळंक, वाळलेलं तेल, आणि कुंभारीण माशीने केलेलं मातीचं घर. तार घालून खरवडू नका. कोमट पाणी, भांडी घासायचं पातळ साबण आणि लवचीक ब्रश, एवढ्यावर माती सुटते.

दुसरी चाचणी कुठल्याही पिस्टनच्या वाद्यावर चालते. पिस्टन न दाबता त्याच्या मुख्य नळीची स्लाइड (सरकवून बाहेर काढता येणारा भाग) हळूहळू थोडी बाहेर ओढा, चारपाच सेकंद थांबा, मग पिस्टन दाबा. ‘टप्प’ असा आवाज आला तर केसिंग हवाबंद आहे. नाही आला तर पिस्टन झिजलाय, किंवा स्लाइडच ढिली आहे. आधी स्लाइडला ग्रीस लावून पुन्हा बघा. बरेच लोक ग्रीसच्या कामासाठी पिस्टनला दोष देतात.

या बासबद्दल आणखी एक गोष्ट, जी व्हॉल्व्हची नाही पण व्हॉल्व्हच्या माथी मारली जाते. तो तुमच्या बाकीच्या बँडपेक्षा चढा लागेल. इंग्लंडचे ब्रास बँड १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ए = ४५२ च्या (म्हणजे ए हा सूर सेकंदाला ४५२ कंपनांचा) आसपासच्या चढ्या सुरात वाजवत, आणि आपल्याकडे आलेली कित्येक विलायती वाद्यं त्याच मापाची आहेत. आजचे ट्रम्पेट-क्लॅरिनेट ४४० चे. फरक जवळजवळ अर्ध्या स्वराच्या निम्मा. तो भरून काढायला ई फ्लॅट बासची नळी साडेचार इंचांच्या आसपास लांबवावी लागते, म्हणजे वाद्याची मुख्य स्लाइड सव्वादोन इंच बाहेर, कारण तिच्या दोन भुजा असतात. एवढ्यावर थांबू नका. पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइडही पाव इंच बाहेर काढावी लागते, तिसऱ्याची आणखी थोडी जास्त, चौथ्याची त्याहून जास्त. मुख्य स्लाइड ओढून बाकीच्या तशाच ठेवल्या तर वाद्य जागोजागी बेसूर वाजतं, आणि मग ‘जुना व्हॉल्व्ह खराब’ म्हणून बोंब होते. भोंग्यावर कोरलेलं नाव नीट वाचा. नुसतं बूझी किंवा नुसतं हॉक्स असेल तर वाद्य बहुधा १९३० च्या आधीचं, कारण त्या वर्षी दोन्ही कंपन्या एक होऊन बूझी अँड हॉक्स झाली.

आता सूसाफोन. एल्कहार्ट, इंडियाना असं कोरलेलं आहे आणि कॉन हे नाव वाचता येतं, असं तुम्ही लिहिलंय. पिस्टन बुटके-जाड आहेत म्हणजे तो बहुधा २० के या जातीचा. हे कॉनचे शॉर्ट ॲक्शन व्हॉल्व्ह. या वाद्याच्या नळीचा आतला व्यास ०.७३४ इंच, साडेअठरा मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त. एवढी जाड नळी साध्या पिस्टनातून न्यायची तर बोटाला लांब प्रवास करावा लागतो. पण पिस्टनच जाड केला की वाटा एकावर एक रचण्याऐवजी परिघावर पसरता येतात, आणि प्रवास आखूड होतो.

ही कल्पना कॉनची म्हणावी तर नवी नाही. १८३३ च्या सुमारास बर्लिनमध्ये विल्हेल्म वीप्रेख्ट यांनी असेच आखूड-जाड पिस्टन वापरात आणले होते, त्यांना बर्लिनर पुम्पेन म्हणतात. त्याच वीप्रेख्ट आणि योहान मोरित्स यांनी १२ सप्टेंबर १८३५ रोजी बास ट्यूबाचं, म्हणजे खर्जाच्या मोठ्या पितळी वाद्याचं, पेटंट घेतलं, त्या पहिल्यावहिल्या ट्यूबावर पाच बर्लिन पिस्टन होते. म्हणजे तुमच्या सूसाफोनच्या व्हॉल्व्हचं मूळ थेट पहिल्या ट्यूबापर्यंत जातं. सूसाफोन स्वतः त्या मानाने तरुण: अमेरिकन बँडमास्तर जॉन फिलिप सूसा यांच्या सूचनेवरून फिलाडेल्फियाच्या जे. डब्ल्यू. पेपर यांनी तो १८९३ मध्ये केला, कॉनने आपला १८९८ मध्ये. सुरुवातीच्या सूसाफोनचा भोंगा आभाळाकडे तोंड करून असायचा. पुण्याच्या गणपतीत तो घेऊन निघालं असतं तर अलका चौकापर्यंत बादलीभर पाणी जमलं असतं.

शॉर्ट ॲक्शनची दुखणी वेगळी असतात. पिस्टन जाड म्हणून जड, आणि जड म्हणून सुस्त. मग कुणीतरी कडक स्प्रिंग घालतं, पिस्टन उसळून वर येतो, वादकाची बोटं दुखतात, आणि पिस्टन जिथे आपटतो तिथलं फेल्ट (नमद्याची चकती) महिन्याभरात चेपतं. फेल्ट चेपलं की पिस्टन थोडा जास्त खाली किंवा वर थांबतो, आणि पिस्टनाचं भोक केसिंगच्या भोकासमोर नीट येत नाही. साध्या लांब पिस्टनावर मिलिमीटरभराची चूक एखादवेळ खपून जाते. इथे प्रवासच आखूड, त्यामुळे तीच चूक मोठी ठरते. शेजारच्या पिस्टनाची स्लाइड काढा, आत छोटी टॉर्च आणि दंतवैद्याचा आरसा घाला, आणि पिस्टन वर असताना व दाबल्यावर अशा दोन्ही वेळी भोकं समोरासमोर येतात का ते पाहा. कडेला पिस्टनाची चंद्रकोर दिसली तर फेल्टची जाडी बदलायची. बहुतेक वेळा ‘मेलेला’ शॉर्ट ॲक्शन व्हॉल्व्ह एवढ्याने उठून बसतो. नवी स्प्रिंग हवीच असेल तर मऊ घ्या, आणि तिन्ही एकाच जातीच्या घ्या.

मेरठचा सेट इथे का बसत नाही, ते माप घेतलं की समजेल. व्यास जुळत नाही, पिस्टनांमधलं अंतर जुळत नाही, आणि जाड केसिंगसाठी वाकवलेल्या सगळ्या नळ्या तोडून नव्याने वाकवाव्या लागतात. मेरठच्या कारागिरीला मी नावं ठेवत नाही. नादिर अली अँड कंपनी तिथे १८८५ पासून आहे, आणि जाली कोठीच्या त्या गल्ल्यांनी देशभरच्या वराती वाजत्या ठेवल्यात. पण त्यांचा सेट त्यांच्या वाद्यासाठी असतो. नवा बास हवा असेल तर मेरठचा अख्खा बास घ्या. आपल्याकडे बऱ्याच बँडांत सूसाफोन शोभेपुरताच पुढे चालतो. तुमचाही तसाच चालणार असेल, तर त्याच्या व्हॉल्व्हला हातच लावू नका.

पुण्यात मी पाहिलेल्या पिस्टनांपैकी म्हातारपणाने गेलेले थोडे, गुलालाने गेलेले जास्त. लक्ष्मी रोडच्या मिरवणुकीत गुलाल उडतो, वर पाऊस असतो, पिस्टनावर तेल असतं. तिन्ही मिळून जी लापशी होते ती पिस्टन आणि केसिंग यांच्या केसाहून बारीक फटीत शिरते. वादक तसाच रात्रभर दाबत राहतो. सकाळी बघावं तर पिस्टनावर उभ्या रेघा. नाणावलेल्या बँडांतले जुने वादक दर तासादोन तासांनी पिस्टन काढून फडक्याने पुसतात, ते उगाच नाही. दुसरं तेल. खोबरेल नको. डिसेंबरात पुण्याची सकाळ गार होते, खोबरेल थिजतं आणि पिस्टन अडकतात. मग वादक म्हणतो व्हॉल्व्ह जॅम. शिलाई मशीनचं तेल नाइलाजाने चालेल, पण ते जरा दाट असतं. पिस्टनासाठी मिळणारं पातळ तेल घ्या, आणि पिस्टनाला ब्रासो कधीही लावू नका. ब्रासोने पितळ चकाकतं ते थोडं घासलं जातं म्हणूनच, आणि पिस्टनावर तेवढं घासणंही परवडत नाही.

पिस्टन खरोखरच झिजला असेल तर? भोसरीत होनिंगची (भोक आतून घासायची) मशीन भरपूर आहेत, आणि कुणीतरी तुम्हाला केसिंग ‘साफ करून’ द्यायला तयार होईल. देऊ नका. केसिंग मोठं झालं की पिस्टन आणखी ढिला. काम उलट्या क्रमाने होतं: पिस्टनावर निकेलचा थर चढवायचा, तो मापात आणायचा, आणि शेवटी अगदी बारीक लेपाने पिस्टन आणि केसिंग एकमेकांत घोळवून बसवायचे. या कामाला माणूस निवडताना घाई करू नका. आणि प्रत्येक पिस्टन त्याच्या त्याच्या केसिंगशीच जुळवलेला असतो. त्यावर कोरलेले आकडे बघूनच परत घाला. दुसऱ्या कुठल्या कॉनचा पिस्टन मिळाला म्हणून तो तुमच्यात चपखल बसेल, असं नाही.

पिस्टन अडकला असेल तर खालचं झाकण काढून खालून हातोडी मारण्याचा मोह आवरा. केसिंग पातळ पत्र्याचं असतं. मुरणारं तेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी हाताने फिरवत ओढा. पोचे काढायला तांबट आळीतला माणूस भोंग्यासाठी उत्तम, त्याच्याइतका सफाईदार हात मला जमत नाही. पण व्हॉल्व्हच्या आसपासचा पोचा त्याला देऊ नका, कारण तिथे एका ठोक्याने केसिंग लंबगोल होऊ शकतं.

हेलिकॉनबद्दल मी थोडा साशंक आहे. चपट्या डब्या म्हणजे रोटरी व्हॉल्व्ह. व्हिएन्नाच्या योसेफ रीडल यांनी १८३५ मध्ये त्याला पेटंटचं रूप दिलं. इथे पिस्टन वरखाली न होता आतला गट्टू पाव फेरा फिरतो. हवेला मोकळं वळण मिळतं, बोटाचा प्रवास लहान, आणि जाड नळीचा त्रास होत नाही. म्हणून मध्य युरोपात बास जवळजवळ सगळे रोटरीचे. व्हाक्लाव्ह चेर्वेनी यांनी १८४० च्या दशकात बोहेमियात मोठे कॉन्ट्राबास केले तेही याच घराण्यातले. तुमच्या फोटोतल्या घड्याळासारख्या स्प्रिंगा ही त्या काळची जुनी रीत: प्रत्येक दांडीच्या बुडाशी एक छोटा ढोल, त्यात गुंडाळलेली पट्टीची स्प्रिंग, कडेला दाते. दात्याने एक घर पुढे नेलं की दांडी कडक, मागे नेलं की मऊ. दांडी ढिली पडली असेल तर आधी हे एक घर फिरवून बघा. स्प्रिंग तुटली असेल तर जुन्या घड्याळाच्या दुकानात त्या रुंदीची पट्टी मिळते, मी वापरलेली आहे.

रोटर बाहेर काढताना दांडीच्या बाजूचा स्क्रू सैल करून त्यावर लाकडी ठोकळ्याने हलके ठोके द्यायचे, लोखंडी हातोडीने नाही. रोटर थोडा निमुळता असतो, त्यामुळे एका बाजूनेच निघतो. वरचं झाकण काढलं की आतल्या बेअरिंगच्या ताटलीवर आणि रोटरच्या दांड्यावर बारीक खुणा दिसतील. व्हॉल्व्ह सोडलेला असताना एक जोडी जुळली पाहिजे, दाबल्यावर दुसरी. जुळत नसेल तर आतल्या बुचाचा तुकडा बदलायचा, एवढंच. काही रोटरींवर दांडी दोरीने फिरवतात. तिथे मासेमारीची वेणीची दोरी घ्या. पतंगाचा मांजा लावलेला मी पाहिलाय, त्याने स्वतःलाच कापलं होतं.

साशंक का, तर कंपनीचं नाव नाही आणि फोटोत एका डबीच्या कडेला भेग दिसते. नाव नसलेले असे हेलिकॉन ग्रास्लित्स आणि मार्कनॉयकिर्खेन या गावांतून जगभर गेले, त्यांत चांगले होते आणि सामान्यही होते. भेग केसिंगला असेल तर तीन रोटर दुरुस्त करण्याचा खर्च वाद्यापेक्षा जास्त होईल. तेव्हा तिन्हींतला एखादा बळी द्यायचाच असेल तर हा. पण तोही कापून पिस्टन बसवण्यापेक्षा भिंतीवर टांगलेला बरा.

जुन्या बाजारात फिरताना आणखी काही अनोळखी व्हॉल्व्ह दिसले तर ओळखता यावेत म्हणून थोडं लिहितो. एका व्हॉल्व्हला दोन बारके पिस्टन आणि लांब काड्या असतील तर तो व्हिएन्ना व्हॉल्व्ह. व्हिएन्नाच्या हॉर्नवर तो आजही जिवंत आहे. रोटर उंच-बारीक आणि त्यात शिरणारी नळी चपटी केलेली असेल तर तो बॉस्टनच्या जे. लॅथ्रॉप ॲलन यांचा, १८५० च्या आसपासचा. नळी चपटी केली म्हणून बोटाचा प्रवास कमी झाला, हवेचं काय होतं यावर मात्र वादकांत एकमत नाही. सहा पिस्टन आणि सहा स्वतंत्र वाटा दिसल्या तर ती ॲडॉल्फ साक्स यांची १८५० च्या दशकातली रचना. तिथे एका वेळी एकच पिस्टन दाबायचा, त्यामुळे बेरजेचा घोटाळाच होत नाही. डोक्याने अतिशय देखणी, हाताला अतिशय अवघड, आणि म्हणून ती टिकली नाही. दोन भोंग्यांचं युफोनियम दिसलं तर जादा व्हॉल्व्ह सुरासाठी नसतो, हवा या भोंग्यातून की त्या, एवढंच तो ठरवतो. आणि चार पिस्टनांसोबत पाचवा एकटा रोटर दिसला तर दचकू नका. ग्रँड रॅपिड्सच्या यॉर्क कंपनीचे जे दोन ट्यूबा पुढे शिकागो सिंफनीत ट्यूबावादक आर्नल्ड जेकब्स यांच्याकडे होते आणि ज्यांच्या नकला आजही निघतात, त्यांची रचना हीच.

तुमच्यासाठी कामाचा क्रम असा सुचवतो. सूसाफोन आधी घ्या. फेल्ट, स्प्रिंगा आणि स्वच्छता एवढ्यात तो बहुधा या गणपतीपर्यंत वाजता होईल. विलायती बासची वर सांगितलेली चाचणी करा आणि काय दिसलं ते लिहून ठेवा: कोणती बारकी नळी काढल्यावर फरक पडतो, कुठून हवा येत नाही. त्याला या वर्षी मिरवणुकीत नेऊ नका, गुलालाच्या आधी त्याचे पिस्टन नीट बसवून घेऊ. हेलिकॉनचा भेगेचा जवळून काढलेला फोटो आधी पाठवा, उचलून आणायची घाई नको. आणि बास घेऊन याल तेव्हा पिस्टन सुटे काढून पिशवीत आणू नका. आहेत तसे, आपापल्या केसिंगमध्ये, झाकणं लावून आणा.